पोटातली पाइपलाइन का तुंबते?

विषय वाचून हसू आलं असेल तर आधी हसून घ्या! होस्टेलमध्ये ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त विनोद होतात आणि जिच्याबद्दल सगळ्यात कमी खरं बोललं जातं, ती गोष्ट म्हणजे पोट साफ न होणं. मेसच्या पोळीला नावं ठेवणारे भरपूर, पण "मला चार दिवस झाले नाही" असं रूम पार्टनरला सांगणारा एकही सापडणार नाही. सगळे गुपचूप मेडिकलमधून चूर्ण आणतात, रात्री गरम पाण्याबरोबर घेतात आणि डबी कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवतात.

आता तुम्ही म्हणाल, हे डॉक्टरांचं काम, इंजिनिअरिंगच्या मासिकात कशाला? मित्रांनो, आतडं म्हणजे शेवटी काय? सात-साडेसात मीटर लांबीची एक नळी. तिच्यात पंप आहेत, व्हॉल्व्ह आहेत, सेन्सर आहेत, कंट्रोल सर्किट आहे. जे काही आपण फ्लुइड मेकॅनिक्स आणि कंट्रोल सिस्टिममध्ये शिकतो, ते सगळं इथे चोवीस तास चालू आहे. आणि गेल्या काही वर्षांत बद्धकोष्ठतेच्या उपचारात जी प्रगती झाली, ती बरीचशी या नळीचं मेकॅनिक्स नीट मोजल्यामुळे झाली. म्हणून हा लेख.

कारखान्यासारखंच काम

मी तेलगावची. धारूर तालुक्यातलं आमचं गाव साखर कारखान्यामुळे ओळखलं जातं. कारखाना पाहिलेल्यांना आतडं समजायला वेळ लागत नाही. उसाची मोळी गव्हाणीत पडते, ऊस चिरडला जातो, रस निघतो, रसातलं पाणी टप्प्याटप्प्याने उडवलं जातं आणि पातळ रसाचा दाट पाक होतो. शेवटी पॅनमध्ये जो घट्ट, दाणेदार माल तयार होतो त्याला मॅसेक्यूट म्हणतात. रस साध्या सेंट्रिफ्युगल पंपाने ढकलता येतो, मॅसेक्यूट तसा ढकलता येत नाही. त्याला पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट प्रकारचा पंप लागतो.

पोटातही असंच आहे. आपण पितो ते पाणी, अन्नातलं पाणी, लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून रोज साधारण ९ लिटर द्रव आतड्यात येतो. लहान आतडं त्यातला बहुतेक भाग शोषून घेतं. मोठ्या आतड्यात जेमतेम दीड लिटर पोचतो आणि शेवटी बाहेर पडणाऱ्या मळात पाणी उरतं फक्त १०० ते २०० मिलिलिटर. म्हणजे मोठं आतडं हे एक प्रकारचं इव्हॅपोरेटरच समजा, फक्त वाफ न करता पाणी काढणारं. माल तिथे ठरलेल्या वेळात पुढे सरकला तर ठीक. रेंगाळला तर आतडं आपलं पाणी शोषत राहतं, माल आणखी घट्ट होतो आणि घट्ट झाला की आणखी हळू सरकतो. हे दुष्टचक्र एकदा समजलं की बद्धकोष्ठतेचं अर्धं गणित सुटलं!

पंप कुठे आहे?

हृदयासारखा एका जागी बसवलेला पंप आतड्यात नाही. नळीची भिंतच पंप आहे. भिंतीत गोल आणि उभे असे स्नायूंचे दोन थर असतात. मालाच्या मागची भिंत आवळते, पुढची सैल पडते आणि माल पुढे जातो. या सरकत्या लाटेला पेरिस्टॅल्सिस म्हणतात. डायलिसिस मशीनमध्ये रोलरने नळी दाबत रक्त पुढे नेणारा जो पेरिस्टाल्टिक पंप असतो, त्याचं नाव यावरूनच आलं आहे.

मागे आवळणं आणि पुढे सैल पडणं हा नियम १८९९ साली लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी मांडला. (हे दोघं नात्याने मेहुणे, बरं का!) त्यांनी कुत्र्यांच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडून पाहिल्या, तरी लाट चालूच राहिली. म्हणजे कंट्रोल सर्किट डोक्यात नसून आतड्याच्या भिंतीतच बसवलेलं आहे. आज आपल्याला माहीत आहे की या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशी आहेत. पोटाला 'दुसरा मेंदू' म्हणतात ते यामुळेच.

यात ठेका धरणाऱ्या पेशीही आहेत. त्यांच्यामुळे जठरात मिनिटाला ३ आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला मिनिटाला सुमारे १२ अशा विद्युत लहरी उठतात. मोठ्या आतड्याचा स्वभाव मात्र वेगळा. ते दिवसभर माल नुसता घुसळत बसतं, पुढे-मागे करतं. खरी जोरदार, लांब पल्ल्याची लाट दिवसातून साधारण सहा वेळाच येते. ती मुख्यतः कधी येते माहीत आहे? सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर. रात्री आतडंही झोपतं. सकाळच्या चहानंतर पोटात जी हालचाल जाणवते ती हीच. ही वेळ ओळखून जो उठतो तो सुखी!

१९६९ मध्ये एमआयटीच्या शपिरो, जाफ्रिन आणि वाइनबर्ग यांनी या पंपिंगचं गणित मांडलं. लाटेची लांबी नळीच्या रुंदीच्या मानाने मोठी आणि रेनॉल्ड्स नंबर अगदी लहान, असं धरून त्यांनी दाब आणि प्रवाहाची समीकरणं काढली. पुढे जगभरात आणि भारतातही या विषयावर ढीगभर पेपर लिहिले गेले.

टूथपेस्ट की घसरगुंडी?

आता शेवटच्या टप्प्याकडे येऊ. मळ हा पाण्यासारखा न्यूटोनियन द्रव नाही. टूथपेस्टसारखा आहे. ठरावीक यील्ड स्ट्रेसपेक्षा कमी दाब दिला तर तो हलतच नाही. जितका कोरडा, तितका यील्ड स्ट्रेस जास्त.

मग आपण टूथपेस्टसारखं पिळून काढतो का? २०१७ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या इंजिनिअरिंग संस्थेतल्या पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांच्या गटाने हे प्राण्यांवर तपासलं. मांजरापासून हत्तीपर्यंतच्या सस्तन प्राण्यांना या कामासाठी साधारण १२ सेकंदच लागतात, असं त्यांना आढळलं. हत्तीचा माल केवढा, मांजराचा केवढा, तरी वेळ जवळपास सारखी! कारण माल पिळला जात नाही, घसरतो. आतड्याच्या आतल्या बाजूला श्लेष्माचा म्हणजे म्युकसचा पातळ थर असतो आणि त्यावरून सगळा गोळा घसरगुंडीवरून यावा तसा येतो. मोठ्या प्राण्यात हा थरही जाड असतो. म्हणजे मुख्य प्रश्न लुब्रिकेशनचा. माल फार काळ आत राहिला की तो कोरडा पडतो, हे वंगणही कमी होतं आणि मग कितीही जोर लावा, हाती फक्त घाम.

शेवटचा व्हॉल्व्ह

शेवटी दोन व्हॉल्व्ह आहेत. आतला आपोआप चालतो, बाहेरचा आपल्या ताब्यात असतो. शिवाय एक स्नायू गुदाशयाला मागून दोरीसारखा वेढा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे नळीला तिथे जवळपास काटकोनात वाक पडतो. पाण्याचा होस पाइप वाकवला की धार थांबते ना, तसंच. हा वाक सरळ झाल्याशिवाय रस्ता मोकळा होत नाही.

उकिडवं बसल्यावर हा वाक जास्त सरळ होतो. जपानमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुर्चीसारखं बसल्यावर हा कोन सुमारे १०० अंश आणि उकिडवं बसल्यावर १२६ अंश भरला. इस्रायलमध्ये सिकिरोव्ह यांनी २८ निरोगी माणसांना घड्याळ लावून बसवलं होतं. उकिडवं बसून सरासरी ५१ सेकंद, नेहमीच्या कमोडवर १३० सेकंद! हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला देशी संडास इंजिनिअरिंगच्या दृष्टीने किती बरोबर आहे बघा. गुडघेदुखीमुळे ज्यांना कमोड वापरावाच लागतो त्यांनी पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल घेऊन थोडं पुढे वाकावं. बराच फरक पडतो.

एकच आजार नाही, तीन आहेत

इथे खरा मुद्दा येतो. पाइपलाइन तुंबली म्हटल्यावर इंजिनिअर आधी काय विचारतो? कुठे तुंबली? पंप कमजोर आहे, माल घट्ट आहे की व्हॉल्व्ह उघडत नाही? पण पोटाच्या बाबतीत आपण हा प्रश्न न विचारताच चूर्ण घेतो.

डॉक्टर मंडळी बद्धकोष्ठतेचे साधारण तीन प्रकार करतात. पहिल्यात पंपही ठीक, व्हॉल्व्हही ठीक, पण मळ घट्ट किंवा कमी. दुसऱ्यात मोठ्या आतड्याचा पंपच मंद. तिसऱ्यात पंप चालतो, पण ऐन वेळी व्हॉल्व्ह उघडण्याऐवजी आवळला जातो. म्हणजे एका पायाने ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याने ब्रेक! काही जणांत दुसरा आणि तिसरा प्रकार एकत्रही असतो.

याने काय फरक पडतो ते एका जर्मन अभ्यासावरून कळेल. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुन्या बद्धकोष्ठतेच्या १४९ रुग्णांना किमान सहा आठवडे रोज १५ ते ३० ग्रॅम इसबगोलाचं बी दिलं. हो, आपलं गुजरातेत पिकणारं इसबगोलच! ज्यांच्यात तपासणीत काहीच दोष नव्हता, त्यातल्या ८५ टक्के लोकांना बरं वाटलं. पण ज्यांचा पंप मंद होता त्यातल्या ८० टक्क्यांना आणि ज्यांच्या व्हॉल्व्हमध्ये दोष होता त्यातल्या ६३ टक्क्यांना काहीच उपयोग झाला नाही. औषध तेच, मात्रा तीच, निकाल उलटा. अशा माणसाला "आणखी इसबगोल घे" सांगणं म्हणजे पुढचा गेट व्हॉल्व्ह बंद असताना मागून आणखी माल भरणं. पोट फुगतं, दुसरं काही होत नाही.

मग कळणार कसं?

पहिली तपासणी फार सोपी आहे. एका कॅप्सूलमध्ये २४ बारीक कड्या असतात, ज्या एक्स-रेवर दिसतात. ती गिळायची आणि पाचव्या दिवशी एक्स-रे काढायचा. पाचपेक्षा जास्त कड्या आत उरल्या तर माल रेंगाळतोय. ही मार्करची युक्ती १९६९ पासून वापरात आहे.

दुसरी याहून सोपी. गुदाशयात छोटा फुगा सरकवून त्यात ५० मिलिलिटर पाणी भरतात आणि रुग्णाला एकांतात तो बाहेर टाकायला सांगतात. साधारण एका मिनिटात टाकता आला नाही तर व्हॉल्व्हवर शंका घ्यायची. फुगा, नळी, सिरिंज आणि घड्याळ, एवढंच साहित्य! शिवाय अनुभवी डॉक्टरांना हातमोजा घालून केलेल्या बोटाच्या तपासणीतही हा दोष समजतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे ७५ टक्के रुग्ण नुसत्या बोटाच्या तपासणीत ओळखता आले. लाजेपोटी ही तपासणी नाकारली जाते, ते चूक आहे.

तिसरी तपासणी म्हणजे मॅनोमेट्री, नळीभर प्रेशर सेन्सर लावून दाब मोजणं. इथे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी एक भारी गोष्ट आहे. पूर्वी मोठ्या आतड्यात जी नळी सोडायचे तिच्यावरचे सेन्सर एकमेकांपासून सात सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब असत. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या फिल डिनिंग, जॉन आर्कराइट आणि सहकाऱ्यांनी ऑप्टिकल फायबरवर ब्रॅग ग्रेटिंग कोरून दर सेंटिमीटरला एक असे ७२ सेन्सर असलेली नळी बनवली. मग दिसलं की जुन्या मापनात कितीतरी लाटा निसटत होत्या. इतकंच नाही, तर मागे जाणाऱ्या लाटा पुढे जाताना दिसत होत्या! सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्यांनी ओळखलं असेल, हे तर एलियासिंग! सॅम्पल विरळ घेतले की सिग्नल खोटं बोलतो, हा नियम पोटातही लागू आहे.

या नळीने आणखी एक गोष्ट दाखवली. निरोगी माणसात जेवणानंतर मोठ्या आतड्यात छोट्या छोट्या, बऱ्याचशा उलट दिशेने जाणाऱ्या लाटांची संख्या वाढते. मंद पंपाच्या रुग्णांत जेवणानंतरची ही वाढ होतच नाही. स्नायू तिथेच आहे, पण जेवण झाल्याचा सिग्नल त्याच्यापर्यंत पोचत नसावा, अशी शंका त्यातून येते. दोष पंपात की वायरिंगमध्ये, हा प्रश्न आता नीट विचारता येतो, हीच मोठी प्रगती.

उपचार: फीडबॅक लूप

व्हॉल्व्हच्या दोषावर सगळ्यात परिणामकारक उपचार औषध नाहीच! त्याचं नाव बायोफीडबॅक. सेन्सर लावलेली नळी आत असते आणि समोरच्या स्क्रीनवर दाबाचा आलेख दिसतो. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडायचा, हे रुग्ण आलेख पाहून शिकतो. ओपन लूप सिस्टिमला फीडबॅक जोडून क्लोज्ड लूप केलं की एरर कमी होते, तेच हे. इटलीत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हॉल्व्हचा दोष असलेल्या १०९ रुग्णांपैकी निम्म्यांना बायोफीडबॅकची पाच सत्रं दिली आणि निम्म्यांना रेचक पावडर. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ८० टक्के सुधारले, दुसऱ्या गटात २२ टक्के. मूळचे भारतीय असलेले डॉ. सतीश राव यांनीही अमेरिकेत या उपचारावर मोठं काम केलं आहे.

मेकॅनिकलवाल्यांसाठी तर एक थरथरणारी कॅप्सूलच आली आहे. गिळल्यावर ती मोठ्या आतड्यात जाऊन मोबाइलसारखी व्हायब्रेट होते आणि भिंतीला जागं करते. औषध शून्य, फक्त मोटर! अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये तिला परवानगी दिली. ३१२ रुग्णांच्या चाचणीत आठवड्यातून निदान एकदा जास्त, तेही पूर्ण समाधानाने, शौचाला होणाऱ्यांचं प्रमाण खऱ्या कॅप्सूलने ३९ टक्के आणि खोट्या कॅप्सूलने २२ टक्के होतं. चमत्कार नाही, पण सुरुवात चांगली आहे.

आता होस्टेलकडे

आपल्यातल्या बहुतेकांचा प्रकार पहिलाच, म्हणजे पंप-व्हॉल्व्ह ठीक आणि सवयी वाईट. गावाकडे आपण ज्वारीची भाकरी खातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा म्हणजे फायबर असतं, बाजरीत ११ हून अधिक. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनही नाही! भाकरी सोडून भात, ब्रेड आणि मॅगीवर आलेलं पोट संप करणारच. दिवसाला साधारण ३० ग्रॅम फायबर हवं. मेसमध्ये आठवड्यातून दोन-तीनदा भाकरी, रोज एखादी उसळ आणि पालेभाजी एवढी मागणी मेस कमिटीने करायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट दाबून धरण्याची. सकाळची ती मोठी लाट येते तेव्हा आपण बादली घेऊन रांगेत असतो, नाहीतर "पहिलं लेक्चर करून येऊ" म्हणतो. लाट निघून जाते. जर्मनीत १९९० मध्ये १२ निरोगी तरुणांना मुद्दाम दाबून धरायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या संपूर्ण मोठ्या आतड्याचा वेग मंदावला. बद्धकोष्ठता 'शिकता' येते, असाच त्याचा अर्थ. आपल्यातले काही जण डिग्रीबरोबर हीसुद्धा शिकून बाहेर पडतात! उपाय साधा आहे. अर्धा तास लवकर उठा, काहीतरी गरम प्या आणि कळ आली की जा. आत मोबाइल नेऊ नका. तिथे अर्धा तास बसून जोर लावल्याने मूळव्याध आणि फिशरला आमंत्रण मिळतं.

मुलींना हे जास्त भोगावं लागतं. कॉलेजात, एसटी स्टँडवर, प्रवासात स्वच्छ संडास नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं आणि दाबून धरायचं, ही सवय आम्हाला शाळेपासून लागते. आणि आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं काय सांगू? कोपीजवळ संडास नसतो, म्हणून पहाटे अंधारात नाहीतर रात्री. मधला सगळा दिवस फडात मोळ्या बांधताना दाबून धरायचं. आतड्याची लाट ज्या वेळी येते त्या वेळी त्यांना जायला जागाच नाही. तिथे चूर्ण देऊन काय होणार? तिथला उपचार म्हणजे चार भिंती, कडी आणि पाणी. तो डॉक्टर देऊ शकत नाहीत, तो बांधणाऱ्यांनी द्यायचा आहे. सिव्हिलच्या मित्रमैत्रिणींनो, ऐकताय ना?

चूर्णाबद्दल दोन शब्द

दुकानात मिळणाऱ्या बहुतेक चूर्णांमध्ये सोनामुखी असते. ती आतड्याच्या भिंतीला चिमटा काढून लाट उठवते. आजीचं एरंडेल तेलही त्याच जातीचं. क्वचित घेतलं तर ठीक, पण रोज रात्री स्वतःच्या मनाने घेऊ नये. इसबगोल मालाचा आकार वाढवतं, पण भरपूर पाण्याबरोबरच घ्यावं. लॅक्टुलोजसारखी औषधं पाणी आतड्यात धरून ठेवतात. तिन्हींचं काम वेगळं, म्हणून कोणतं घ्यायचं हे डॉक्टरांना विचारा.

आणि खालीलपैकी काही असेल तर थांबू नका: मळातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, अशक्तपणा आणि पांढरेपणा, पोट फुगून उलट्या आणि गॅसही न सरणं, किंवा घरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हा त्रास नव्यानेच सुरू होणं. आई-वडिलांना, आजी-आजोबांना हे जरूर सांगा. ते स्वतःहून सांगणार नाहीत.

जाता जाता फायनल इयरवाल्यांना एक सूचना. पूर्ण मॅनोमेट्रीची सोय तालुक्याच्या गावी सहसा नसते, तिच्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं. एक प्रेशर सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर आलेख, एवढ्यातून बायोफीडबॅकचं स्वस्त यंत्र उभं करण्याचा प्रयत्न आपल्याला करता येईल. अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि सगळ्या परवानग्या घेऊनच. दरवर्षी तेच लाइन फॉलोअर रोबोट करण्यापेक्षा हे काय वाईट?

पाण्याच्या, तेलाच्या, उसाच्या रसाच्या पाइपलाइनचा आपण चार वर्षं अभ्यास करतो. जी पाइपलाइन जन्मभर सोबत आहे तिच्याबद्दल निदान मोकळेपणाने बोलायला तरी शिकूया!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी